पहिले बाळंतपण माहेरी

भगिनींनो, सातव्या महिन्यात ओटी भरून लेक माहेरी आली की घराला वेगळाच वास येऊ लागतो. खारीक-खोबरे कुटले जाते, डिंक तळला जातो, जुन्या मऊ लुगड्यांची बाळोती फाडली जातात आणि माळ्यावरचा पाळणा खाली उतरतो. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. तिच्यात लेकीला विसावा मिळतो आणि आईला परक्या घरी दिलेली लेक चार महिने पुन्हा मिळते. पण बाळंतपण माहेरी करायचे तर माहेराजवळ बाळंतपणाची सोय लागते. ती सोय आमच्या तालुक्यातून कशी गेली, आणि तिच्या मागोमाग आमच्या घरची रीतही कशी गेली, ते आज तुम्हांला सांगावेसे वाटते.

माझी थोरली लेक पायाळू. थोरला मुलगा माझ्या माहेरी झाला होता. १९९४ च्या पावसाळ्यात दुसऱ्या खेपेला मी सासरीच होते. रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा सासूबाईंनी गावातल्या सुईणीला बोलावले. तिने पोटावरून हात फिरवला आणि लगेच काढून घेतला. म्हणाली, "पाय खाली हायेत. हे माझं काम न्हाई. उगं येळ घालवू नका, दवाखाना गाठा." त्या अडाणी म्हातारीचे हे शहाणपण मी आजवर विसरले नाही. आपल्या हाताची हद्द कुठे संपते, हे तिला ठाऊक होते.

शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कडबा पसरला, वर दोन गोधड्या टाकल्या आणि नऊ किलोमीटर चिखल तुडवत आम्ही तालुक्याच्या गावी पोचलो. सरकारी ग्रामीण रुग्णालय. इमारत साधी, भिंतींना ओल आलेली. पण दारावरचा दिवा जळत होता आणि सिस्टर जागी होती. ती केरळची. मराठी मोडकेतोडके, पण हात मऊ. तिने शिपायाला क्वार्टरकडे पिटाळले, तसे डॉक्टर शर्टाच्या गुंड्या लावीतच आले. भूल देणारे दुसरे डॉक्टर गावातच राहत, त्यांनाही निरोप गेला. आतल्या खोलीत शस्त्रक्रियेची तयारी मांडून ठेवली, पण तिची गरज पडली नाही. डॉक्टर सिस्टरला म्हणत होते, "ओढायचं नाही. घाई करायची नाही. बाळाला आपल्या अंगानं येऊ द्या." पायांकडून येणाऱ्या बाळाला ओढले की हात वर जातात आणि डोके अडकते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. पहाटे लेक रडली.

पुढे गावात उसण भरलेली माणसे तिची लाथ घ्यायला आमच्या अंगणात येत. सासूबाई हसून म्हणत, "पायाळू म्हणून लाथेला मान. दवाखाना नसता तर कुठली लाथ आन् कुठला मान!"

या रुग्णालयाला पुढे कधीही कुलूप लागले नाही, हे आधी सांगते. आजही तिथे पाटी आहे, सकाळी केसपेपर निघतो, ताप-खोकल्याचे औषध मिळते. फक्त बाळंतपण हळूहळू निघून गेले. आधी भूल देणारे डॉक्टर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आले नाही. मग ते क्वार्टरमधले डॉक्टर बदलून गेले. नवे डॉक्टर आले, पण मुलांच्या शाळेसाठी घर जिल्ह्याच्या गावी ठेवून येऊन-जाऊन करू लागले. मध्यंतरी, २००५ नंतर, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा पैसा आला, तेव्हा भिंतींना रंग लागला, नव्या खाटा आल्या, गावोगाव आशाताई नेमल्या गेल्या. दोन-चार वर्षे बरी गेली. पण माणसे टिकली नाहीत. शस्त्रक्रियेच्या खोलीत सलाइनच्या बाटल्यांची खोकी रचली गेली. बाळंतपणाच्या रजिस्टरचे पान पूर्वी आठवड्यात भरत असे, ते महिना महिना पुरू लागले. बायकांनाही कळते. जिथे अर्ध्या रात्री 'पुढे न्या' म्हणतात, तिथे कोण थांबणार? बायका कमी आल्या, म्हणून जागा भरल्या नाहीत. जागा भरल्या नाहीत, म्हणून बायका आणखी कमी आल्या. विहिरीचा उपसा थांबला की झरे बुजतात, तसे झाले.

२०१९ साली माझी हीच पायाळू लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरले होते, तपासण्या झाल्या होत्या, सगळे ठीक होते. रात्री दीडला आम्ही तिला घेऊन त्याच दारात उभे राहिलो. तरुण सिस्टर होती. तिने तपासले, बाळाचे ठोके ऐकले आणि तिचा चेहरा उतरला. "मावशी, डोकं आडवं अडलंय. सिझर लागेल. सर इथं नाहीत, भूल द्यायला कोणी नाही. पुढं न्यावं लागेल." मी चिडून काहीबाही बोलले. ती म्हणाली, "माझे हात चालतात हो मावशी. पण एकटीचे चालून काय?" त्या पोरीवर राग काढला, याचे मला आजही वाईट वाटते.

तिने चिठ्ठी लिहून दिली. १०८ ची गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती, ती यायला पाऊण तास लागला. पुढे सत्तर किलोमीटर, त्यात घाट. गाडीत लेकीने माझा हात इतका आवळला होता की बांगडी फुटून मनगटात रुतली. "आई, अजून किती?" एवढेच ती विचारत होती आणि मी प्रत्येक वेळी "आलंच" म्हणत होते. जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचलो तेव्हा पावणेपाच वाजले होते. सिझर झाले. बाळ लगेच रडले नाही. अकरा दिवस ते काचेच्या पेटीत होते आणि लेकीला रक्ताच्या दोन पिशव्या द्याव्या लागल्या. देवाची आणि तिथल्या डॉक्टरांची कृपा, दोघेही वाचले. नातू आता शाळेत जातो. पण ते अकरा दिवस मी जिन्याखाली चटईवर काढले आणि एकच विचार करीत राहिले: पंचवीस वर्षांपूर्वी ट्रॉलीतून जे नऊ किलोमीटरवर मिळाले, ते आज मोटारीतून सत्तर किलोमीटरवर का जावे?

भगिनींनो, चुलीला तीन दगड लागतात. एक निसटला की भांडे कलंडते. अडलेल्या बाळंतिणीसाठीही तीन दगड लागतात: पोट उघडून बाळ काढणारा डॉक्टर, भूल देणारा डॉक्टर, आणि रक्त. आणि चूल पेटती ठेवणारी म्हणजे रात्रभर जागी असणारी सिस्टर. ग्रामीण रुग्णालयाचा सरकारी दंडक सपाटीला १ लाख २० हजार लोकांमागे एक, आणि डोंगरी व आदिवासी भागात ८० हजारांमागे एक, असा आहे, खाटा ३०. इमारती पुष्कळ ठिकाणी उभ्या आहेत. दगड निसटले आहेत.

हे दगड फार महाग आहेत असेही नाही. साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरला अठरा आठवडे शिकवून बाळंतपणाच्या अडचणीत भूल देता यावी, आणि सोळा आठवडे शिकवून सिझर करता यावे, अशी शिक्षणाची योजना सरकारनेच आखलेली आहे. रक्ताची मोठी पेढी नसली तरी साठवण्याचा शीतकपाट चालतो. २ ते ६ अंश थंडाव्यात रक्त ३५ दिवस टिकते. पण शिकवलेला डॉक्टर शस्त्रक्रियेची खोलीच नसलेल्या जागी बदलून गेला, किंवा शीतकपाट विजेअभावी बंद राहिला, तर त्या शिक्षणाचे आणि त्या कपाटाचे करायचे काय?

काही जाणती माणसे म्हणतात की लहान जागी बाळंतपणे थोडी होतात, हात गंजतो, त्यापेक्षा मोठ्या रुग्णालयात गेलेलेच बरे. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. आणि ही अडचण आपल्या एकट्याची नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही २०२२ साली खेड्यापाड्यांतल्या निम्म्याहून अधिक रुग्णालयांत बाळंतपणाची सोय उरली नव्हती. पण बाळंतपणानंतर अंगावरून रक्त जोरात जाऊ लागले तर बाई दोन तासांत दगावू शकते. हात गंजू नये म्हणून डॉक्टर-सिस्टरला आळीपाळीने मोठ्या रुग्णालयात कामाला पाठवता येते. घाट मात्र कोणाला हलवता येत नाही.

चांगले झाले तेही सांगितले पाहिजे. आपल्या महाराष्ट्रात २००४–०६ या काळात दर एक लाख जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८–२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातली शंभरातली जवळजवळ पंच्याण्णव बाळंतपणे दवाखान्यात झालेली आढळली. म्हणजे 'खेड्यातल्या बायका दवाखान्यात येत नाहीत' हे रडगाणे आता चालणार नाही. बायका उंबरा ओलांडून निघाल्या. दवाखानाच मागे मागे सरकला.

लहान जागी काही होत नाही, हेही खरे नाही. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. जवळ लहानसे रुग्णालय, आणि खेड्याखेड्यांत त्यांनी शिकवून तयार केलेल्या, पुष्कळशा निरक्षर बायका. गर्भारणीवर डोळा ठेवणे, अडचण आधी ओळखणे आणि वेळेत पाठवणे, हे त्या बायका करू लागल्या. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या सुईणीला जे उपजत कळत होते, तेच तिथे शिकवले गेले. फरक एवढाच, की पाठवायला जवळ जागा होती.

आता आपण काय करायचे? मी केले ते सांगते. त्या अकरा दिवसांनंतर घरी आले आणि आमच्या बचत गटाच्या बायकांना विचारले, "कोणाकोणाच्या लेकीला, सुनेला अशी चिठ्ठी मिळाली?" चिठ्ठ्या बासनातून, डब्यांतून बाहेर आल्या. आशाताईच्या वहीशी ताळा जमवला आणि सगळ्या चिठ्ठ्यांच्या नकला जोडून ग्रामसभेत ठराव केला, रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीला अर्ज दिला. हेलपाटे पुष्कळ झाले. अखेर भूल देणारे डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येऊ लागले. मंगळवारी आणि शुक्रवारी. बाळ काही वार पाहून येत नाही, हे आम्ही अजून त्यांना सांगतोच आहोत.

तुम्हीही एवढे करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भारणींची डॉक्टरांकडून तपासणी असते, ती चुकवू नका. सातव्या महिन्यातच जाऊन विचारा, 'रात्री डॉक्टर असतात का? भूल कोण देते? रक्त जवळ कुठे मिळते?' लाजू नका. म्हैस घेताना आपण चार दाणे जास्त विचारतोच ना? गाडी कोणाची, सोबत कोण, रक्त देणारे दोघे कोण, हे आधी ठरवून ठेवा. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त, जेवण, पुढे न्यायची गाडी आणि घरी सोडणारी गाडी, सारे मोफत आहे; ते हक्काने मागा. आणि पुढे पाठवले तर चिठ्ठीवर कारण लिहून घ्या. तोंडी कारण वाऱ्यावर जाते. लिहिलेले कारण ग्रामसभेत वाचता येते.

माझी धाकटी लेक २०२३ साली बाळंत झाली. मी तिला आणायला निघाले होते. जावई फार भला माणूस, पण म्हणाला, "आई, ताईंचं काय झालं ते आम्ही पाहिलंय. इथं दवाखाना दहा मिनिटांवर आहे. तुम्हीच इकडे या." मी काय बोलणार? त्याचे खरेच होते. डिंकाचे लाडू डब्यात भरले, अळीव बांधून घेतले आणि एस.टी.त बसले. बाळंतपण सुखरूप झाले. दोन खोल्यांच्या घरात पंधरा दिवस राहून मी परत फिरले, कारण घरी गोठा होता, पेरणी तोंडावर होती.

पाळणा आमच्या माळ्यावरच आहे. मधून मधून मी तो पुसून ठेवते. आमच्या रुग्णालयातला दिवा सातही रात्री जळू लागला, की तो खाली उतरवीन.