कॉम्प्युटर सुरू होताना

आमचा कॉम्प्युटर बटण दाबल्यापासून कामाला लागेपर्यंत अकरा मिनिटं घ्यायचा. अंदाजे सांगत नाही, स्वयंपाकघरातल्या घड्याळावर मोजलेली अकरा मिनिटं. तेवढ्यात माझा चहा व्हायचा, देवापाशी दिवा लागायचा, तुळशीला पाणी घालून व्हायचं. परत येऊन बघावं तर पडद्यावर ते गोल कडं अजून गरगरतच असायचं.

घरी मी एकटी. हे जाऊन पाच वर्षं होतील. मुलगा पुण्याला. माझं माहेर बीदर जिल्ह्यातलं, भालकीकडचं. आई कन्नड घरातली, वडील मराठी, त्यामुळे आपल्याकडच्या अनेक घरांसारखं आमचंही अर्धं वाक्य एका भाषेत आणि उरलेलं दुसऱ्या भाषेत. लग्न होऊन आदिलाबादला आले. ही दोन्ही गावं पूर्वी एकाच हैदराबाद राज्यातली. १९५६ साली वाटणी झाली, बीदर म्हैसूर राज्यात गेलं, आदिलाबाद आंध्र प्रदेशात आणि २०१४ साली तेलंगणात. इथे घरात मराठी, बाजारात तेलुगू, आणि आईला पत्र मात्र कन्नडमध्येच. तिला मराठी बोलता येतं, वाचायला ती कंटाळते.

कॉम्प्युटरही तसाच. कन्नडसाठी ‘बरहा’, मराठीसाठी ‘श्रीलिपी’, तेलुगूसाठी आणखी एक. पैकी श्रीलिपी ह्यांची. मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर जैनथ, बेला भागातल्या म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन त्यांनी जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या आणि दोन बोटांनी टाइप केल्या. पण तो जुना फाँट युनिकोडचा नव्हे. ज्या कॉम्प्युटरवर तो नसेल तिथे ओवीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा नुसता चिवडा दिसतो. आणि त्या सॉफ्टवेअरची सीडी घर बदलताना कुठे गेली ते देव जाणे.

म्हणून, दुरुस्तीवाला मुलगा कॉम्प्युटरकडे एक नजर टाकून म्हणाला, “अम्मा, फॉरमॅट करून टाकू, नाहीतर नवाच घ्या,” तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून नव्याने मांडणं. फायली बाजूला काढून ठेवता येतील, पण त्या वाचायच्या कशावर? “नंतर सांगते,” म्हणाले आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

शेजारची मुलगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. ती एका रविवारी येऊन बसली. तिने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली आणि टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडली. त्यात त्या क्षणी कॉम्प्युटर काय काय करतोय त्याची यादी असते. मी काहीही उघडलं नव्हतं, तरी ‘डिस्क’च्या डोक्यावर १०० टक्के!

“काकू, तुम्ही एकच काम सांगता, पण आधीच इतके जण आत येऊन बसलेत,” ती म्हणाली.

मला ते ओट्यावरून समजलं. आमच्या कॉम्प्युटरची मेमरी चार जीबी. तो ओटा. हार्डडिस्क म्हणजे माळा. ओट्यावर नको त्या डब्यांची गर्दी झाली, की पोळी लाटायला जागा करण्यासाठी काहीतरी माळ्यावर टाकावं लागतं आणि लागलं की पुन्हा खाली काढावं लागतं. सगळा वेळ त्या चढउतारात जातो. त्यातून आमची हार्डडिस्क जुनी, फिरत्या तबकडीची. म्हणजे शिडीही डगमगती.

मग तिने ‘स्टार्टअप’ हा भाग उघडला. कॉम्प्युटर सुरू होताच न सांगता उठणाऱ्या प्रोग्रामांची ही यादी. विंडोज सातपर्यंत त्यासाठी ‘एमएसकॉन्फिग’ असं टाइप करावं लागे, विंडोज आठपासून ती टास्क मॅनेजरमध्येच आली. आमच्या यादीत सतरा नावं होती. प्रत्येकापुढे त्याच्यामुळे सुरू व्हायला किती भार पडतो, तेही लिहिलेलं: जास्त, मध्यम, कमी.

यादी वाचता वाचता मी गप्पच झाले. ते आमच्या घराचं पंधरा वर्षांचं हजेरीपुस्तक होतं. भंगारात दिलेल्या प्रिंटरचा प्रोग्राम रोज सकाळी उठून प्रिंटर शोधत होता. मुलाच्या बारावीतल्या कुठल्याशा खेळाचा एक. २०२०च्या टाळेबंदीत नातीच्या वर्गासाठी घातलेला बैठकीचा एक. दोन-दोन अँटिव्हायरस, एकमेकांवर पाळत ठेवून. आणि स्काइप. मुलगा तीन वर्षं परदेशी होता तेव्हा रविवारी रात्री आम्ही दोघं त्याच्यासमोर बसायचो, हे इस्त्रीचा शर्ट घालून. स्काइप ५ मे २०२५ला बंद झालं. आमच्या कॉम्प्युटरला ते कुणी सांगितलं नव्हतं. तो आपला रोज उठून त्याला उठवत होता.

हे सगळे येतात कुठून? आपणच घेतो. नवीन काही घालताना ‘पुढे, पुढे’ दाबत जातो, आणि ‘सुरुवातीलाच चालू करा’ या चौकोनात बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली असते.

मुलीने एकेका नावावर उजवं क्लिक करून ‘डिसेबल’ केलं. म्हणजे प्रोग्राम काढून टाकला असं नव्हे. तो आहे तिथेच राहतो, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. चुकलं तर त्याच जागी ‘एनेबल’. मी आधी प्रोसेसच्या यादीत जाऊन ‘एंड टास्क’ करून बघितलं होतं, पण ते तेवढ्यापुरतं. दुसऱ्या दिवशी मंडळी हजर. नाव अनोळखी असेल तर उजव्या क्लिकमध्येच इंटरनेटवर शोधायची सोय आहे. ‘सर्व्हिस होस्ट’ नावाच्या ओळी डझनाने दिसतात. ती विंडोजची स्वतःची माणसं, त्यांना हात लावायचा नाही. दोन अँटिव्हायरसही रीतसर काढून टाकले आणि विंडोजचा स्वतःचा ठेवला. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘बंद केल्यावरही मागे चालू राहा’ अशी एक सोय सापडली, तीही बंद केली. दार लावून गेलेला माणूस मागच्या खोलीत कशाला बसतो?

दुसऱ्या दिवशी घड्याळ लावलं. पाच मिनिटं. मला हुरूप आला, आणि तिथेच चुकले.

मुलगी गेल्यावर मी एकटीनेच यादी पुन्हा उघडली. ‘बरहा’ बंद केलं आणि आईला संक्रांतीचं पत्र लिहायला बसले तर कन्नड उमटेना. ती चूक लगेच कळली. दुसरी कळली नाही. ‘भार जास्त’ असं लिहिलेला एक निळा ढग होता. काही ओळखीचा वाटेना, केला बंद. तो मुलाने बसवलेला. माझ्या फायलींची प्रत इंटरनेटवर आपोआप ठेवणारा. मी तेव्हा ह्यांच्या ओव्या जुन्या फाँटमधून काढून युनिकोडमध्ये नव्याने टाइप करत होते. उद्या कुठल्याही कॉम्प्युटरवर, मोबाइलवर वाचता याव्यात म्हणून. तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी वीज गेली, आली, परत गेली. कॉम्प्युटर उठला, पण ती फाईल उघडेना. इंटरनेटवरची प्रत बघावी तर तीन आठवड्यांपूर्वीची. एकसष्ट ओव्या गेल्या.

ह्यांची मूळ फाईल होती म्हणून परत टाइप करता आल्या. पण त्या रात्री मी जेवले नाही. शेजारच्या मुलीला सांगितलं तर ती रागावली नाही. “काकू, भार जास्त म्हणजे वाईट असं नाही. तो काय काम करतो ते आधी बघायचं,” एवढंच म्हणाली. वयाने माझ्या नातीएवढी!

फॉरमॅटचा प्रश्नही तिनेच सोडवला. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवायची, पण आधी जुनीची जशीच्या तशी नक्कल नवीवर उतरवायची. त्याला क्लोन करणं म्हणतात. फाँट, फायली, सॉफ्टवेअर सगळं जिथल्या तिथे. दुरुस्तीवाल्याला हे येत होतं. आधी का बोलला नाही, कोण जाणे. जुनी डिस्क पिशवीत घालून मी कपाटात ठेवली आहे. आता पूर्ण मिनिटही लागत नाही, चहा नंतर करावा लागतो.

अडचण संपली असं नाही. विंडोज दहाला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला थांबला, आणि विंडोज अकरा आमच्या जुन्या प्रोसेसरवर चालत नाही. म्हणून बँकेचं काम मी त्यावर करत नाही. ओव्या टाइप करून झाल्या की नव्याचं बघू. अजून दोन वह्या शिल्लक आहेत.

यादीत आता सहा नावं चालू आहेत. शेवटचं नाव पडद्यावर चिठ्ठ्या चिकटवायच्या एका छोट्या प्रोग्रामचं. तो सुरू झाला की कोपऱ्यात पिवळी चिठ्ठी येते, ह्यांनी टाइप केलेली: ‘दुधाचे ४२०. हिचं कन्नड पत्र पोस्टात टाकणे.’ त्या रविवारी मुलीचा बाण त्या नावावर येऊन थांबला होता. तिने माझ्याकडे बघितलं, मग पुढचा रकाना वाचला.

“भार कमी आहे, काकू,” ती म्हणाली. “हा राहू दे.”