परातीतली बांधी

मे महिन्याची सुट्टी लागली, की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, "आता या पोरांचं करायचं काय?" आमच्या गोंदियाचं ऊन म्हणजे विचारूच नका. सकाळी दहानंतर मुलांना बाहेर सोडायची सोय नाही, आणि घरात ठेवावं तर त्यांच्या हातातला मोबाइल सुटत नाही. मी इथे कुडव्याला एका शाळेत अर्धवेळ शिकवते, तेव्हा शेजारणींनी हा प्रश्न माझ्याच पदरात टाकला. "बाई, तुम्हीच काहीतरी काढा." म्हणून दोन वर्षांपासून सुट्टीतल्या दुपारी आमच्या छपरीत आठ-दहा मुलं जमतात. एका पसरट कुंडीत किंवा जुन्या परातीत चिमुकली बाग करायची, आणि तिच्यातल्या वस्तू पॉलिमर क्लेच्या घडवायच्या, असा आमचा उद्योग.

या पॉलिमर क्लेच्या नावातच तेवढी माती आहे बरं का! प्रत्यक्षात ते मऊ केलेलं प्लॅस्टिक, ज्या पीव्हीसीचे नळाचे पाइप असतात त्याच जातीचं. ते मातीसारखं मळता येतं, कितीही दिवस वाळत नाही, आणि ओव्हनमध्ये भाजलं की कायमचं घट्ट होतं. याच्या एका प्रसिद्ध प्रकाराच्या जन्मामागे एक आई आणि मुलगी आहेत. जर्मनीत काथे क्रुझं नावाच्या बाहुल्या करणाऱ्या बाई होत्या. बाहुल्यांची डोकी करण्यासाठी त्यांच्याकडे असा एक लगदा आला. तो त्यांच्या कामाचा निघाला नाही, म्हणून त्यांनी तो मुलीला खेळायला दिला. त्या मुलीचं लाडकं नाव फिफी. तिने त्यातून छोट्या छोट्या वस्तू घडवल्या आणि पुढे तो लगदा विकायलाही काढला. १९६४ साली तो एका मोठ्या कंपनीने घेतला आणि 'फिमो' या नावाने जगभर गेला. घरातल्या टाकाऊ वस्तूचं सोनं करायची हौस सगळीकडच्या बायकांना सारखीच, नाही का?

"पण बाई, आपल्याकडे एवढी माती असताना विकतची कशाला?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी एका मुलाने विचारला, आणि तो अगदी योग्य होता. पोळ्याला आपण मातीचे बैल पुजतो. आपल्या विदर्भात भुलाबाई बसतात, त्याही मातीच्या. या मातीचं विरघळणं हाच तिचा धर्म. सण झाला की पाण्यात जाते आणि पुढच्या वर्षी नवी घडते. बागेला मात्र रोज पाणी घालावं लागतं. कच्च्या मातीचा बैल चार दिवसांत चिखल होऊन बसतो. पॉलिमर क्लेचा बैल पाणी सोसतो. मात्र तो कुजत नाही, मातीत मिळत नाही. आपण केलेली वेडीवाकडी गोळी आपल्यामागेही कितीतरी वर्षं तशीच राहील. म्हणून मी मुलांना एक नियम घालून दिला: मोडायचं, बदलायचं, गंमत म्हणून करायचं ते सगळं अंगणातल्या मातीत करा. जे राहावंसं वाटतं, तेवढंच क्लेचं करा, आणि ते कधीही तळ्यात-नदीत टाकू नका.

आता करायचं काय? मुलांनी मोबाइलवर चित्रं शोधली. लाल ठिपक्यांच्या छत्र्या, उतरत्या कौलांची विलायती घरं, टोपीवाले दाढीधारी बुटके. दिसायला गोड असतात, नाही म्हणत नाही. पण मी विचारलं, "यांतलं तुम्ही काय काय पाहिलंय?" सगळे गप्प. "मग पाहिलेलं सांगा." तेव्हा एकेक नाव येऊ लागलं. धानाच्या बांध्या, धुऱ्यावरचं पळसाचं झाड, बोडी, चिखलातली म्हैस, रोवणीला वाकलेल्या बाया. ठरलं, बाग आपल्या बांधीचीच करायची.

कृती सोपी आहे. तळाला भोकं असलेली पसरट कुंडी घ्यावी. खाली खडे, वर माती आणि शेणखत. मातीचेच बोटभर उंच धुरे घालून दोन-तीन बांध्या कराव्यात. मूठभर धान रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधावं, आणि मोड आले की एका बांधीतल्या चिखलावर पसरावं. आठ-दहा दिवसांत खरेखुरे हिरवेगार पऱ्हे उभे राहतात. कोपऱ्यात एक वाटी पुरली की झाली बोडी. तिच्यातलं पाणी मात्र दररोज बदलायचं, नाहीतर डासांची सोय होते.

आमच्याकडे बोडीशिवाय शेत पुरं होत नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडचे मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे लाडाने मामा तलाव म्हणतात, हेच इथल्या धानाचे पोशिंदे. आणि तलाव आला की सारस आला. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यातच उरले आहेत, तेही हाताच्या बोटांवर मोजावेत इतक्या जोड्या. तेव्हा सारस हवाच, असं मुलांनी एकमताने ठरवलं. आणि केला काय, तर बगळा! पांढराशुभ्र, कोंबडीएवढा.

छपरीत त्या दिवशी एक पाचवीतली मुलगी होती. तिच्या घरी पोवारी बोलतात. शाळेत मराठीच्या तासाला तिला उभी केली की मान खाली जाते ती बसेपर्यंत वर येत नाही. शब्द चुकेल, मुलं हसतील, ही भीती. तीच मुलगी त्या दिवशी आपणहून उठली. शेजारच्या मुलाला उभं करून त्याच्या डोक्याच्याही वर हात धरला आणि म्हणाली, "सारस एवढा असतो." तिच्या वडलांची बांधी तलावाला लागून आहे, धुऱ्यावर बसून तिने सारस पाहिलेले. अंग राखी, मान आणि डोकं लाल, पाय लांबच लांब. घरटं झाडावर नसतं, पाण्यातच गवताचा मोठा ढीग करतात. अंडी बहुधा दोन. नर-मादी आळीपाळीने बसतात. हे सगळं तिने अर्धं मराठीत, अर्धं पोवारीत सांगितलं. कोणी हसलं नाही. मुलांना सारस करायचा होता आणि तो तिच्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हता.

मग हिशेब सुरू झाला. आपला क्लेचा शेतकरी ५ सेंटिमीटरचा, तर सारस केवढा? उभा सारस जवळजवळ माणसाएवढाच, म्हणजे तोही पाचाच्या आसपास. मग म्हैस केवढी? झोपडीचं दार किती उंच? सहावीतल्या मुलांना गुणोत्तराचं गणित शाळेत नकोसं होतं, इथे मात्र पट्टी घेऊन भांडत होती.

करून बघणाऱ्या मैत्रिणींसाठी चार अनुभवाच्या गोष्टी सांगते. हात धुऊन आधी पांढरा आणि फिकट रंग मळावेत, लाल-काळे शेवटी, नाहीतर सारसाला म्हशीचा रंग चढतो. उन्हाळ्यात क्ले फार मऊ होते, तेव्हा पिशवीत बांधून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावी. मोठ्या वस्तूच्या पोटात ॲल्युमिनियम फॉइलचा घट्ट गोळा घालावा. त्याने क्ले वाचते आणि वस्तू आतपर्यंत भाजली जाते. सारसाच्या पायांना जुन्या वायरीतली तांब्याची तार घ्यावी. भाजण्याचं काम मोठ्यांनीच करायचं. बहुतेक क्ले १३० अंश सेल्सिअसच्या आसपास अर्धा तास भाजतात, पण पाकिटावर लिहिलेलं असेल तेच खरं. ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांत फरक पडतो, म्हणून आत एक छोटा थर्मामीटर ठेवावा. क्ले करपली तर डोळ्यांना-घशाला झोंबणारा विषारी धूर निघतो. तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात, आणि गॅसवर, तव्यावर किंवा कुकरमध्ये हा प्रयोग मुळीच नको. आणि ज्या ताटलीवर भाजाल ती पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. ओव्हनमधून काढल्यावर वस्तू मऊच लागते. घाबरू नका, गार झाली की घट्ट होते.

मध्यंतरी एक आई मुलाला न्यायला आल्या. छपरीभर पसरलेला पसारा बघून म्हणाल्या, "छान आहे हो, पण याचे काही मार्क मिळतात का?" प्रश्नात खोट नव्हती. ट्यूशनची फी, शाळेची फी, स्कॉलरशिपची तयारी. प्रत्येक आईच्या डोक्यात हेच चालतं, माझ्याही चालतं. मी एवढंच म्हटलं, "मार्क नाही मिळत, पण मुलं बघायला शिकतात." कारण हाताने घडवायचं म्हटलं, की नुसतं नाव माहीत असून भागत नाही. म्हशीची शिंगं कुठून वळतात, रोवणी करणारी बाई कंबरेतून वाकते की गुडघ्यातून, हे जाऊन पाहावं लागतं. आमची मुलं आता शेतावर जाऊन पाहून येतात आणि भांडतात.

ती पाचवीतली मुलगी वर्गात अजूनही कमीच बोलते. पण हल्ली तास संपला की माझ्या मागे मागे येते आणि विचारते, "बाई, याला मराठीत काय म्हणतात?" मीही तिला विचारते, "आणि पोवारीत?" आमच्या दोघींच्याही वहीची पानं भरत चालली आहेत.

शेवटच्या दिवशी मुलांनी आपापली वाटणी केली. बैल मातीचे, कारण पोळ्याला नवे करायचेच आहेत. बाया-माणसं मातीची, झोपडी मातीची. क्लेचे काय करायचं, यावर बराच वेळ वाद झाला आणि अखेर क्लेचे झाले फक्त दोन सारस आणि दोन अंडी. "हे राहिले पाहिजेत," असं कारण त्यांनी दिलं. मैत्रिणींनो, तुमच्या गावात सारस नसेल, पण राहावंसं वाटणारं काहीतरी असेलच. या सुट्टीत मुलांना ते शोधू द्या, आणि एक जुनी परात त्यांच्या हवाली करा.