उपळ आणि आकारणी

‘काळी’ हा शब्द आम्ही दोघी बहिणी कवितेच्या तासाला वर्षानुवर्षे समजावून सांगत आलो आहोत: काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. त्या काळीच्या पोटात पाणी किती वेळ थांबते, हा प्रश्न कवितेने आम्हाला कधी विचारला नाही. तो विचारला वाटणीने. इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या खालच्या अंगाला वडिलोपार्जित सहा एकर जमीन आहे. दादा ती कसतो. माथा, मधला भाग आणि तळ असे उताराला आडवे, दोन-दोन एकरांचे तीन तुकडे पाडावेत, ही त्याची सूचना. क्षेत्र समान, म्हणून वाटणी समान.

सातबाऱ्यावर क्षेत्राशेजारी ‘आकारणी’ असते. त्या शब्दामागे मोठा इतिहास आहे. गोल्डस्मिड आणि विन्गेट यांची जमाबंदी प्रथम याच इंदापुरात, १८३६ साली लागू झाली. तिचे नियम पुढे १८४७च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. त्यात जमिनीची प्रतवारी आण्यांत होती: उत्तम जमीन सोळा आणे, सर्वांत हलकी दोन आणे, अशा नऊ प्रती. मातीची खोली हातांनी मोजत. सोळा आण्यांसाठी पावणेदोन हात खोली लागे. शिवाय दोष पाहिले जात. चुनखड, वाळूची भेसळ, उतार, आणि उपळ, म्हणजे जमिनीतून वर येणारे पाणी. दोष आढळला की जमीन एक प्रत खाली उतरे. सरकारी कामकाजात शेतकऱ्याचे शब्द इतक्या नेमकेपणाने क्वचितच आले असतील. मात्र ही पहिली प्रतवारी झाली तेव्हा कालवा नव्हता. तो १८८०च्या दशकातला.

म्हणून आम्ही तिन्ही भागांत कमरेइतके खड्डे घेतले. माथ्यावर हातभर मातीखाली मुरूम लागला. मध्ये काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे. तळाला कमरेपर्यंत काळीच. पण खालच्या थरात करडी झाक आणि तांबूस ठिपके. मातीत पाणी दीर्घकाळ साचून राहते, त्याची ती खूण. खड्डे रात्री भरून ठेवले, म्हणजे माती आधी पाणी पिऊन घेते. सकाळी पुन्हा भरून काठीवर खुणा केल्या. माथ्याचा खड्डा तासाभरात रिता झाला. तळाच्या खड्ड्यात दिवेलागणीलाही पाणी होते.

तळातले वाळलेले ढेकूळ पेल्यातल्या पावसाच्या पाण्यात ठेवले, तर भोवती दुधासारखा गढूळपणा पसरला आणि तो बसेना. मधल्या भागातले ढेकूळ फुटले, पण पाणी निवळले. दादाने पेल्याकडे पाहून एकच शब्द उच्चारला, ‘चोपण’. कालव्याचा पाझर, उसाला पाटाने दिलेले भरमसाट पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांनी मातीत सोडियम साठत जातो. तिचे कण सुटे होऊन छिद्रे बुजतात. बांधालगत लव्हाळाही माजला आहे. वर्गात तो नम्रतेचे प्रतीक असतो. येथे तो केवळ पाणथळ जागा दाखवतो.

तळाचा तुकडा दादा स्वतःसाठी ठेवणार होता, हे येथे सांगितले पाहिजे. त्यात कावा नव्हता. बहिणींना रस्त्याकडची जमीन द्यावी, हा त्याचा विचार. परंतु जिप्सम टाकायचे तरी आधी पाणी काढून देणारा चर हवा, आणि त्याचा खर्च एकट्याने का सोसावा? वरून झिरपणारे पाणी तर तिघांचेच आहे. उताराच्या दिशेने उभे पट्टे पाडले, तर मुरूम, काळी आणि चोपण प्रत्येकाच्या वाट्याला येईल, असे आम्ही सुचवले. त्यावर दादाचा आक्षेप रास्त आहे: पट्टे अरुंद होतील, ट्रॅक्टर वळवता येणार नाही, आणि प्रत्येक बांधागणिक थोडी जमीन वाया जाईल.

अद्याप निर्णय झालेला नाही. तळाच्या कडेने ओढ्यापर्यंत जाणाऱ्या चराची जागा आधी तिघांनी मिळून आखायची आणि मोजणीचा अर्ज त्यानंतर करायचा, एवढे मात्र दादाने मान्य केले आहे.