मागून येणारी पावले

फ्लोरिडातील सॅनफर्ड येथे २६ फेब्रुवारी २०१२ रोजी ट्रेव्हॉन मार्टिन हा १७ वर्षांचा निःशस्त्र मुलगा दुकानातून परतत होता. वस्तीवर नजर ठेवणारा जॉर्ज झिमरमन, पोलिसांनी दूरध्वनीवर गरज नसल्याचे सांगूनही, त्याच्या मागे गेला म्हणतात. झटापट झाली, गोळी सुटली, मुलगा गेला. स्वसंरक्षणाचा बचाव मांडून झिमरमन १३ जुलै २०१३ रोजी निर्दोष सुटला.

नुसते मागे चालणे गुन्हा नव्हे, हे आम्हांस मान्य. परंतु तोलली गेली ती गोळी झाडणाऱ्याची धास्ती. मुलाची धास्ती सांगायला मुलगाच उरला नव्हता. आपल्या कायद्यातही स्वसंरक्षणाचा हक्क वाजवी धास्तीपासून सुरू होतो. मात्र ती प्रयत्नातून वा धमकीतून उपजावी लागते. अंधारात न थांबणारी अनोळखी पावले धमकी ठरावीत काय? आम्ही तरी ती धमकीच मानू.