सहा पेन्सांचा रोजमुरा

मध्ययुगीन इंग्लंडच्या तिरंदाजांवरील ऐतिहासिक कादंबऱ्या वाचताना चित्तात जो आनंद उसळतो, तो फारसा सात्त्विक नव्हे. कुलाभिमानाने आणि चिलखताच्या भाराने ताठलेला सरदार, ज्याला वतन नाही, बिरुद नाही, अशा एखाद्या यःकश्चित रानराख्याच्या बाणाने चिखलात लोळावा, यात सूडाचे एक समाधान आहे, आणि 1346 चे क्रेसी असो की 1415 चे अ‍ॅजिनकोर्ट, लेखक ते आपल्याला सढळ हाताने पुरवीत असतो.

हा मान तिरंदाजाला पूर्वीपासून होता असे नाही. कॉनन डॉइलच्या 1891 सालच्या ‘द व्हाइट कंपनी’त सॅमकिन आयलवर्ड हा तिरंदाज मोठा रंगेल आणि जिवाला जीव देणारा गडी आहे खरा, परंतु कथेचे नायकपद आणि अखेरची सरदारकी या दोन्ही गोष्टी कुलीन तरुणाच्याच पदरात पडतात. बर्नार्ड कॉर्नवेलच्या 2008 सालच्या ‘अझँकूर’मध्ये मात्र निक हुक नावाचा साधा तिरंदाजच नायक होऊन बसला आहे, आणि त्याच्या सोबत्यांची नावे लेखकाने पाचव्या हेन्रीच्या फौजेच्या हजेरीपटांतून उचलली आहेत. दररोज सहा पेन्स रोजमुरा घेणाऱ्या, म्हणजे चिलखती स्वाराच्या बरोबर निम्मा, अशा या माणसांचे नाव कारकुनाने टिपले ते केवळ सरकारी हिशेब चुकू नये म्हणून; बखरकारांना तेवढीही गरज भासली नव्हती.

तथापि हजेरीपटात माणसाचे शरीर नसते. ते पाहावयाचे तर 1545 साली बुडालेल्या आणि 1982 साली समुद्रतळातून वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेकडे वळावे लागते. तिच्यात यूच्या लाकडाची 137 अखंड धनुष्ये मिळाली: एकाच काष्ठातील बाहेरचे फिकट, चिवट लाकूड ताण सोसण्यासाठी पाठीकडे, आतला गडद गाभा दाब सोसण्यासाठी पोटाकडे, आणि ओढ शंभर पौंडांच्या कितीतरी वर. असे धनुष्य हाताच्या बळाने ओढता येत नाही, सारी पाठ त्यात घालावी लागते, व ती पाठ पोरवयापासून घडवावी लागते. म्हणूनच तिसऱ्या एडवर्डने 1363 साली सणासुदीच्या दिवशी इतर खेळ सोडून तिरंदाजीचाच सराव करावा असे फर्मान काढले. कादंबरीकार या पाठीचे वर्णन मोठ्या प्रेमाने करतात, आणि तेथे ते खरोखर श्रेष्ठ ठरतात.

बाण जेथे पडतो तेथे मात्र त्यांची लेखणी आखडते. 1355 साली एडवर्डच्या युवराजाने बोर्दोहून नार्बोनपर्यंत जी मुलूखगिरी केली, तीत कार्कासोनची तटाखालची वस्ती जळून खाक झाली. त्या घरांना आग लावणाऱ्यांत आपला आवडता रंगेल गडीही असणारच. त्याची थट्टामस्करी, त्याची निष्ठा, त्याचे प्रेमप्रकरण हे सारे खरे मानावयाचे आणि आग तेवढी दुसऱ्या कोणी लावली असे समजून पान उलटावयाचे, ही वाचकाची सोयिस्कर तडजोड आहे.

बर्गंडीच्या बखरकारांनी अ‍ॅजिनकोर्टच्या हकिकतीत एक तपशील नोंदवला आहे. हेन्रीने कैद्यांना ठार करण्याचा हुकूम दिला तेव्हा ज्यांच्या ताब्यात ते बडे कैदी होते, त्यांनी खंडणी बुडेल म्हणून हात आखडला. मग राजाने एका सरदारपुत्राला दोनशे तिरंदाज देऊन ते काम उरकून घेतले. हरलेल्या सरदाराच्या जिवाला बाजारात किंमत होती आणि ती मालकाच्या खिशात जावयाची होती. सहा पेन्सांच्या गड्याला त्या भावाशी काय कर्तव्य? ज्या सरदाराला लोळवल्याचा आनंद आपण शंभर पाने उपभोगला, त्याच्याच गळ्यावर, तो शरण आल्यानंतर, हुकुमाप्रमाणे सुरा फिरवणाऱ्या त्या दोनशेंपैकी एकाला नायक करून, त्याला राक्षसही न ठरवता आणि निर्दोषही न ठरवता, कोणी कादंबरी लिहिली तर ती मी लगेच विकत घेईन.