अजिंठ्याचा धबधबा आणि वर्षावास

पावसाळ्यात मुलाबाळांसह सहलीला जायचे तर एकदा अजिंठ्याला जावे. लेणी सर्वांना ठाऊक आहेत. पण पाऊस चांगला झाला की तेथे धबधबाही पाहायला मिळतो. वाघूर नदी कड्यावरून सात टप्प्यांनी खाली येते, म्हणून त्याला सातकुंड म्हणतात. पुढे हीच नदी घोड्याच्या नालेसारखे वळण घेते आणि त्या वळणावरच्या कड्यात लेणी कोरलेली आहेत.

भिक्खूंनी ही जागा का निवडली असेल, ते पावसातच उमगते. चारिका करणाऱ्या भिक्खूंनी पावसाळ्याचे तीन महिने एकाच ठिकाणी राहावे, वाटेवरचे कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवू नयेत, असा नियम भगवान बुद्धांनी घालून दिला. हाच वर्षावास. त्यासाठी डोक्यावर खडकाचे छप्पर, जवळ पाणी आणि भोवती शांतता. आणखी काय हवे?

१० क्रमांकाच्या प्राचीन चैत्यगृहात स्तूपाला वंदन करावे. २६ क्रमांकाच्या लेण्यात महापरिनिर्वाणाच्या भव्य शिल्पापुढे मुलांना शांत बसवावे. बाहेर आल्यावर धबधबा दाखवून त्यांना सांगावे : ज्या समाजाला तळ्यातले ओंजळभर पाणी पिण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाला बाबासाहेबांनी या धम्माचा वारसा मिळवून दिला.

लेणी सोमवारी बंद असतात. खडक निसरडे असतात, म्हणून कुंडात उतरू नये. भाकरी बांधून न्यावी, कचरा मात्र परत आणावा. ती आपल्या भिक्खूसंघाची वास्तू आहे.