रुंद बुडाची गोष्ट

या शनिवारचा विषय जरा वेगळा आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. वय अठराच्या आत असेल तर इथेच थांबा. शेजारी सासूबाई बसल्या असतील तर रात्री वाचा. विषय आहे गुदद्वारात वापरायची सेक्स टॉइज, आणि पहिल्यांदाच वापरणाऱ्याने ती त्रास न होता, इजा न होता कशी वापरावीत. 'शी!' म्हणून झालं असेल तर पुढे जाऊ. :-)

गंमत बघा, आपल्याकडे कुठल्याही एसटी स्टँडाच्या भिंतीवर 'मूळव्याध, भगंदर, फिशर, बिनाऑपरेशन खात्रीशीर इलाज' असं हातभर अक्षरांत लिहिलेलं असतं. बायाबापड्या, शाळेची पोरं, सगळे ते वाचत एसटीची वाट बघतात. म्हणजे या अवयवाचा आजार चारचौघांत चालतो. पण तिथे कुणाला सुखही वाटू शकतं, असं म्हटलं की सगळे मोबाइलमध्ये बघायला लागतात. आणि मग ज्यांना करून बघायचंय ते कुणालाच न विचारता करून बघतात. खरी भानगड इथे सुरू होते.

हे प्रश्न काही इंटरनेटने आणलेले नाहीत. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२७ साली मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. त्यात ते वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झालाच. नव्वद वर्षं उलटली. लोक तेच प्रश्न अजून विचारतात, फक्त आता रात्री, एकटे, सर्च बॉक्समध्ये.

कायद्याचं म्हणाल तर ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे खाजगीतले, संमतीचे संबंध बाहेर काढले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्सचं एक अपील फेटाळलं. बॉडी मसाजर हा सेक्स टॉय म्हणूनही वापरता येईल, एवढ्या कल्पनेवरून तो अश्लील ठरवून अडवता येत नाही, असा त्याचा सारांश. वस्तू मिळतात. पण बऱ्याचदा 'मसाजर' असल्या गोलमोल नावाने येतात, आणि खोक्यात धड माहितीपत्रक नसतं. म्हणजे हार्डवेअर आलं, मॅन्युअल गायब. तेव्हा आज मॅन्युअल.

आधी यंत्राची रचना समजून घेऊ, कारण पुढचे सगळे नियम तिच्यातूनच निघतात.

गुदमार्ग साधारण ३-४ सेंमी लांब असतो आणि त्याला एकात एक असे दोन व्हॉल्व्ह आहेत. बाहेरचा स्नायू आपल्या ताब्यात असतो. मीटिंगमध्ये कळ दाबून धरतो तो हाच. आतला स्नायू मात्र आपलं ऐकत नाही, तो स्वयंचलित आहे. घाई, थंडी, भीती, दुखणं, काहीही झालं की तो आवळतो. त्याला ऑर्डर देता येत नाही, वेळ द्यावा लागतो. 'सुरुवातीला दुखणारच, जरा रेटायचं' हा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे. बंद दारावर धक्के मारले तर दार उघडत नाही, बिजागरी तुटते.

त्या मार्गाच्या आत गुदाशय, सुमारे १२ ते १५ सेंमी. त्याचं अस्तर नाजूक असतं आणि योनीसारखा ओलावा तिथे आपोआप तयार होत नाही. मार्ग सरळही नाही. आधी तो बेंबीच्या दिशेने जातो, मग माकडहाडाकडे वळतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे योनीला शेवट आहे, गुदाशयाला नाही. पुढे मोठं आतडं सुरूच राहतं. बाहेर काही अडकवून ठेवलं नसेल तर वस्तू वर सरकू शकते, आणि दोन्ही व्हॉल्व्ह मागे मिटून घेतात.

म्हणून नियम पहिला: बूड रुंद हवं. वस्तूचा जो सगळ्यात जाड भाग असेल त्यापेक्षा बूड स्पष्टपणे रुंद, दुमडून आत जाणार नाही इतपत कडक, आणि त्याच्या वरची मान बारीक. आम्हा इंजिनियर लोकांच्या भाषेत याला फेल-सेफ म्हणतात. वापरणाऱ्याने काळजी घेतली तर ठीक, नाही घेतली तरी ठीक, असं डिझाइन. 'मी घट्ट धरून ठेवीन' हे डिझाइन नव्हे, कारण हाताला ल्यूब लागलेलं असतं. २०२१ मध्ये आयएसओ ३५३३ नावाचं सेक्स टॉइजच्या सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. अडकलेल्या वस्तू ऑपरेशन करून काढून काढून कंटाळलेल्या एका स्वीडिश सर्जनच्या पुढाकारातून ते आलं, आणि गुदद्वारासाठीची वस्तू आत हरवणार नाही अशीच बनवा, हा त्यातला कळीचा मुद्दा आहे. घरातल्या वस्तू तर अजिबात नकोत. काकडी-गाजर तुटतं, बाटली आत हवा खेचून चिकटते, काच फुटते.

नियम दुसरा: वस्तू लहान आणि मऊ घ्या. पहिल्यांदा तर वस्तूच नको, स्वतःचं बोट पुरे. नख कापलेलं, वर हातमोजा किंवा कंडोम. ते आरामात जमलं की बोटापेक्षा थोडा जाड, टोकाला निमुळता बट प्लग. जाडी अडीच सेंमीच्या आत, लांबी दहाच्या आत. लांब वस्तू नवख्यासाठी नाहीत, वर सांगितलेलं वळण आठवा. सिलिकॉन सगळ्यात बरं. स्टील आणि चांगली काचही स्वच्छ राहते, पण ती लवत नाही. उघडल्याबरोबर प्लॅस्टिकचा भपकारा येणारी स्वस्त जेली-रबरची वस्तू टाळा. तिला सूक्ष्म छिद्रं असतात, ती कितीही धुतली तरी पूर्ण साफ होत नाही.

नियम तिसरा: वंगण भरपूर. थुंकी चालत नाही, साबण तर नाहीच नाही, आग होते. पाण्याच्या बेसचं ल्यूब कशाबरोबरही चालतं, पण सुकतं, म्हणून पुन्हापुन्हा लावायचं. सिलिकॉन बेसचं जास्त टिकतं, पण सिलिकॉनच्या टॉयवर लावू नका, पृष्ठभाग खराब होतो. आणि आपल्या घरोघरी असलेलं खोबरेल? तेल आणि व्हॅसलिन लॅटेक्सचं कंडोम कमकुवत करतात, काही मिनिटांत. कंडोम वापरणार असाल तर खोबरेल केसांनाच ठेवा. बधिर करणारी क्रीम आणि स्प्रे काहीही झालं तरी नकोत. दुखणं हा तिथला अलार्म आहे. आगीचा अलार्म वाजतो म्हणून कुणी बॅटरी काढून ठेवत नाही. दारू पिऊन करू नका, त्याचंही कारण हेच.

तयारी फार लागत नाही. पोट साफ झालेलं असावं आणि बाहेरून पाण्याने धुवावं, एवढं पुरतं. आहारात चोथा किंवा रात्री ईसबगोल घेणाऱ्यांचं काम आणखी सोपं. संडासातल्या जेट स्प्रेचं तोंड आत लावून 'सर्व्हिसिंग' करायला जाऊ नका. तो दाब आतड्यासाठी नाही. एनिमा घ्यायचाच असेल तर थोडं कोमट साधं पाणी, तेही रोज नाही.

मग प्रत्यक्ष कृती. कडी लावा, फोन सायलेंटवर टाका, घाईचा दिवस निवडू नका. कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्या, किंवा उकिडवे बसा. ल्यूब लावून टोक नुसतं टेकवून ठेवा. श्वास सोडताना शौचाला करतो तसा हलका जोर बाहेरच्या दिशेने द्या. उलटं वाटेल, पण त्याने बाहेरचा स्नायू सैल पडतो. थोडं आत गेलं की थांबा. आतला स्नायू आधी आवळेल, मग मिनिटभरात सोडेल. तो सोडेल तेवढंच पुढे जायचं. दडपल्यासारखं किंवा शौचाला आल्यासारखं वाटणं नेहमीचं आहे. टोचणं, जळजळ, तीव्र कळ आली की थांबायचं आणि सावकाश बाहेर काढायचं. पहिल्या वेळी पाच-दहा मिनिटं बस. लावून झोपायचं तर नाहीच. आज नाही जमलं तर नाही जमलं, पुढचा शनिवार आहे.

जोडीदार असेल तर 'थांब' म्हणायचा अधिकार ज्याच्या शरीरात वस्तू आहे त्याचा, आणि तो शब्द एकदाच म्हणावा लागला पाहिजे. गुदद्वारातली वस्तू न धुता योनीत नेऊ नये, तिकडे जंतुसंसर्ग होतो. दोघांत वस्तू एक असेल तर दर वेळी नवा कंडोम. झाल्यावर साबण-पाण्याने धुवा. मोटर नसलेलं सिलिकॉन पाच मिनिटं उकळता येतं (चहाचं पातेलं सोडून).

मूळव्याध दुखत असेल, फिशर, भगंदर, आतड्याची सूज असेल, त्या भागाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि ज्या पुरुषांना 'मला हे आवडलं म्हणजे मी कोण?' असा प्रश्न पडतो त्यांच्यासाठी: त्या भागात मज्जातंतूंची टोकं खूप असतात, आणि पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी गुदाशयाच्या भिंतीला लागूनच असते. सुख वाटणं ही शरीररचना झाली. तुम्हाला कोण आवडतं हा प्रश्नच वेगळा.

आता हे सगळं मी का लिहितोय? काही वर्षांपूर्वी एका शनिवारी संध्याकाळी एका मित्राचा फोन आला. नाव-गाव सोडा. नुसतं म्हणाला, "गाडी घेऊन ये, काही विचारू नकोस." वाटेत सिग्नलला त्याने सांगितलं. अंड्याच्या आकाराचा बिनबुडाचा मसाजर, शुक्रवारी रात्री आत गेला तो गेलाच. तेव्हापासून वीस तास हा गृहस्थ घरात एकटा. एरंडेल पिऊन झालं, हाताने प्रयत्न करून झाले, चिमट्यापर्यंत विचार गेला होता. दवाखान्यात काउंटरवर त्याने 'पोटात दुखतंय' एवढंच लिहून दिलं. सर्जन बाई वयस्क होत्या. दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "काय आहे, केवढं आहे आणि केव्हापासून, एवढंच सांगा. बाकी मला नकोय." याने सांगितलं. एक्स-रे झाला, भूल देऊन खालूनच वस्तू काढली, पोट उघडावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी घरी. जाताना बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी रुंद बुडाचं घ्या."

मला त्या वाक्यातलं 'पुढच्या वेळी' फार आवडलं. बाईंनी त्याला ना पापी ठरवलं, ना विनोद केला. त्या मला नंतर बाहेर म्हणाल्या की अडकलेली वस्तू बहुतेक वेळा निघते. धोका असतो तो लोक लाजून घरी बसतात आणि खटपट करत राहतात त्यात. जुलाबाचं औषध, चिमटे, चमचे, यानेच आतडं फाटायची वेळ येते.

म्हणून शेवटचा नियम, आणि बाकी सगळं विसरलात तरी हा ठेवा. वस्तू आत राहिली आणि सहज बाहेर येत नसेल तर काहीही पिऊ नका, आत काही घालू नका, त्याच दिवशी सर्जनकडे जा आणि खरं सांगा. पोटात जोराची कळ, पोट कडक होणं, ताप, थांबत नसलेलं रक्त, यांतलं काहीही असेल तर रात्रीचे तीन वाजले असले तरी इमर्जन्सी गाठा. पुसताना एखादा रक्ताचा ठिपका दिसला तर आठवडाभर विश्रांती. पुन्हा दिसला तर डॉक्टर.

आणि असा फोन तुम्हाला आला, तर काही विचारू नका. गाडी काढा.

असो. मित्र मजेत आहे, हे त्याला दाखवूनच लिहिलंय. त्याची एकच दुरुस्ती होती: वीस नाही, बावीस तास.